एका डब्यात मावतंय तोवर

भोसरी-पिंपरीच्या पट्ट्यात गाड्यांच्या कंपन्यांसाठी ‘ॲनालिसिस’ करून देणाऱ्या लहान-मोठ्या फर्म आहेत. दरवाजा धडकला तर किती चेपेल, सीटचा ब्रॅकेट कुठून तुटेल, हे पत्रा न कापता गणितानं काढायचं, असा हा धंदा. मी त्यातला इंजिनिअर नव्हे. मी त्यांची मशिनं सांभाळतो, १९९८पासून. इंजिनिअर संध्याकाळी रन, म्हणजे हे गणित, मशिनवर लावून घरी जातात आणि सकाळी चहाचा कप हातात धरून मला विचारतात, “अजून कसा संपला नाही?” माझी सगळी नोकरी या एका प्रश्नाचं उत्तर शोधण्यात गेली आहे.

अलीकडे नवी फर्म काढणारे ओळखीनं फोन करतात. पुष्कळ प्रोसेसरचं एकच दणकट मशीन घेऊ, की साधी आठ-दहा घेऊन जोडू? की एकच प्रोसेसर, पण वेगवान? त्या सगळ्यांना तुकड्यातुकड्यांनी सांगतो ते इथं सलग लिहितो. बहुतेक धडे चुका करूनच मिळालेत.

१. प्रोसेसर बसवला म्हणजे तो कामाला लागला असं नाही.

आमचं पहिलं दोन प्रोसेसरचं मशीन पेंटियम टूचं होतं. झाकण काढलं की काळ्या कॅसेटीसारखे दोन प्रोसेसर शेजारी शेजारी उभे दिसायचे. पाहुणे आले की साहेब झाकण उघडून दाखवत. प्लॉटरचा ड्रायव्हर फक्त विंडोज ९८वर चालायचा म्हणून मी त्यावर ९८ टाकलं. ९८ला दुसरा प्रोसेसर दिसतच नाही, हे मला चार महिन्यांनी कळलं. मधल्या दसऱ्याला आम्ही दोघांनाही झेंडू वाहिला होता. काम एकटाच करत होता.

मग विंडोज एनटी ४ टाकलं. टास्क मॅनेजरमध्ये दोन आलेख उघडले आणि मी खूश झालो. पण रन लावल्यावर एकूण वापर पन्नास टक्क्यांवर जाऊन जो थांबला, तो थांबलाच. सॉल्व्हर, म्हणजे गणित सोडवणारा प्रोग्रामच, एका प्रोसेसरसाठी लिहिलेला होता. ऑपरेटिंग सिस्टीमला दोन दिसत होते, प्रोग्रामला एकच ठाऊक होता. आजही बत्तीस कोअरच्या (चिपमधल्या प्रत्येक स्वतंत्र प्रोसेसरला आता कोअर म्हणतात) मशिनवर कुणी ‘फक्त तीन टक्के वापर दिसतोय’ म्हणून तक्रार केली, की मी मनात शंभर भागिले बत्तीस करतो. उत्तर तीनच्या आसपास येतं आणि रोगही तोच निघतो.

२. तरीही तो रिकामा प्रोसेसर फुकट गेला नाही.

आधीच्या एका प्रोसेसरच्या मशिनवर आम्ही कागद चिकटवला होता, ‘रन चालू आहे, माउसला हात लावू नये’. गंमत म्हणून नव्हे, खरंच माउस हलवला तर बाण दोन सेकंदांनी हलायचा. एनटी आल्यावर एक प्रोसेसर रन ओढत बसायचा आणि दुसऱ्यावर इंजिनिअर पुढच्या पार्टचं मेशिंग, म्हणजे त्याचे लहान लहान घटक पाडायचं काम, करायचा. तो कागद त्याच आठवड्यात निघाला. दोन प्रोसेसरनी रन लवकर संपला नाही, पण माणसाचा दिवस वाचला. कोटेशनमध्ये हा फायदा कुठं लिहिलेला नसतो.

३. आधी न वाटता येणारं काम मोजा.

हा धडा उशिरा शिकलो आणि बाकीचे सगळे यातूनच निघाले. समजा, एका प्रोसेसरवर रन दहा तास चालतो. त्यातला एक तास असा आहे की तो वाटताच येत नाही. सुरुवातीला सगळी फाइल वाचायची, मॉडेल जुळवायचं, शेवटी निकाल एका रांगेत लिहायचे. उरलेले नऊ तास कितीही जणांत वाटा. दोन प्रोसेसर लावले की एक अधिक साडेचार, साडेपाच तास. चार लावले तर सव्वातीन. आठवर दोन तास आठ मिनिटं. सोळावर एक तास चौतीस मिनिटं. चौसष्ट लावले तर एक तास आठ मिनिटं. म्हणजे सोळाचे चौसष्ट करायला चौपट पैसे मोजले आणि सव्वीस मिनिटं मिळाली. कितीही हजार प्रोसेसर लावा, तो पहिला तास जागचा हलत नाही.

जीन ॲमडाल यांनी १९६७मध्ये मांडलेला हिशेब तो हाच. आयबीएमच्या सिस्टीम ३६०च्या रचनेमागचा हा माणूस, एकाच प्रोसेसरची बाजू घेऊन बोलत होता. मला हा हिशेब कॉलेजात शिकवला होता, परीक्षेत मी तो लिहिलाही होता. कळला मात्र साहेबांच्या सहीची खरेदी-मागणी हातात असताना.

त्याला उत्तर दिलं जॉन गुस्ताफसन यांनी, १९८८मध्ये. अमेरिकेतल्या सँडिया प्रयोगशाळेत त्यांच्यापुढे १०२४ प्रोसेसरचं मशीन होतं. त्यांचं म्हणणं असं, की मोठं मशीन मिळालं म्हणून कुणी जुनंच काम लवकर उरकून घरी जात नाही, तो काम मोठं करतो. गुस्ताफसन बरोबर निघाले, याला मी साक्षीदार आहे. आमच्या मॉडेलमध्ये घटकांची जाळी दहा मिलिमीटरची होती. नवं मशीन आलं की इंजिनिअरनं ती पाच मिलिमीटरची केली. पत्र्यावरचे घटक चौपट झाले, शिवाय घटक लहान झाला की काळाची पावलंही निम्मी टाकावी लागतात, म्हणजे काम आठपट. मशीन आठपट वेगवान होतं. इतक्या वर्षांत मशिनं कुठच्या कुठं गेली, आमचा रन अजून रात्रभरच चालतो.

४. विळी एकच असेल तर हात वाढवून उपयोग नाही.

एका मशिनमधल्या सगळ्या प्रोसेसरची मेमरी सामायिक असते. कुणी काही लिहिलं की ते दुसऱ्याला लगेच वाचता येतं, पाठवापाठवी नको. बहुप्रोसेसर मशिनचं खरं सुख हेच, आणि भांडणही यातूनच. गणपतीत आमच्याकडे मोदकांना चार जणी बसतात, पण नारळ खवायची विळी एकच. एक खवते, तिघी वाट बघतात. संगणकात या विळीला ‘लॉक’ म्हणतात.

लिनक्सनं १९९६मध्ये, २.० आवृत्तीत, एकापेक्षा जास्त प्रोसेसर चालवायला घेतले तेव्हा अख्ख्या कर्नलला, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याला, असं एकच मोठं लॉक होतं. एक प्रोसेसर कर्नलमध्ये शिरला की बाकीचे दाराबाहेर. ते लॉक कापत कापत पूर्ण काढायला २०११ उजाडलं. जगभरातले हुशार लोक पंधरा वर्षं त्यावर झटत होते. त्यामुळे आमच्याकडचा नवा मुलगा ‘सर, आठवड्यात मल्टीथ्रेडेड करून देतो’ म्हणाला, तेव्हा मी फक्त मान डोलावली.

त्याचं काम मात्र बघण्यासारखं झालं. निकालाच्या फाइलीतून ठरावीक मर्यादेपलीकडचे ताण मोजायचे होते. त्यानं आठ थ्रेड, म्हणजे एकाच प्रोग्रामचे एकाच वेळी चालणारे आठ प्रवाह, केले, प्रत्येकाला स्वतःचा काउंटर दिला, लॉक कुठंच नाही. चालवलं तर एका थ्रेडपेक्षा हळू. दोन दिवस आम्ही दोघं डोकं धरून बसलो. काउंटर आठ बाइटचे होते आणि मेमरीत लागून लागून ठेवलेले. प्रोसेसर मेमरी सुट्या बाइटनं आणत नाही, चौसष्ट बाइटची ओळ एकदम उचलतो. आठांचे आठ काउंटर एकाच ओळीत! एकानं आपला आकडा वाढवला की बाकी सातांच्या हातातली ओळ शिळी ठरायची आणि ती पुन्हा आणावी लागायची. सामायिक काहीच नसताना सगळे ओढाओढी करत होते. काउंटर लांब लांब ठेवले आणि प्रोग्राम पळाला. दुरुस्ती एका ओळीची होती.

५. एके काळी नुसतं थांबणं हाही उपाय होता.

२००४च्या आसपासपर्यंत मी खरेदी लांबवून वेग मिळवत असे. दीड-दोन वर्षं कळ काढली की तोच एका प्रोसेसरचा प्रोग्राम, एक अक्षर न बदलता, नव्या मशिनवर जोरात चालायचा. मग उष्णता आडवी आली. इंटेलनं २००४मध्ये चार गिगाहर्ट्झचा पेंटियम फोर आणि पुढचा ‘तेहास’, दोन्ही सोडून दिले, आणि पुढच्याच वर्षी एका चिपमध्ये दोन कोअर देऊ केले. तेव्हापासून वेग वाढला तो हळूहळू, कोअर वाढले भराभर. एकाच कोअरचं मशीन ही निवडच दुकानातून गेली, आता फोनमध्येही आठ कोअर असतात. पण एका प्रोसेसरचा प्रोग्राम गेलेला नाही. तुमच्या ऑफिसात आज चालणाऱ्या प्रोग्रामपैकी निम्मे तरी तसले निघतील, बघून घ्या.

६. कोअर मोजण्याआधी मेमरीचा रस्ता बघा.

२००७मध्ये दोन क्वाड-कोअर झिऑनचं, म्हणजे आठ कोअरचं मशीन घेतलं. चार कोअरवर रन लावला तर वेळ छान उतरला. आठवर लावला तर जेमतेम तेवढाच. कारण आठही कोअर एकाच बाजूनं मेमरीकडे धावत होते आणि आमचा सॉल्व्हर आकडेमोड कमी, मेमरीतून उचल-ठेव जास्त अशा जातीचा. चांदणी चौकातल्या कोंडीत गाड्या वाढवून कुणी लवकर पोहोचत नाही.

पुढं प्रत्येक प्रोसेसरला स्वतःची मेमरी मिळाली. एएमडीच्या ऑप्टेरॉनमध्ये हे २००३पासूनच होतं. यात स्वतःची मेमरी जवळची, शेजाऱ्याची लांबची. असं एक मशीन आमच्याकडे आलं आणि अपेक्षेच्या निम्म्यानंही चालेना. पुरवठादाराचा माणूस तीनदा येऊन गेला, बायोस बदलला, पंखे बदलले. शेवटी मी झाकण काढलं. एका प्रोसेसरच्या बाजूचे मेमरीचे सगळे खाचे भरलेले, दुसऱ्याच्या बाजूचे सगळे रिकामे. जोडणाऱ्यानं पट्ट्या एका कडेनं बसवत नेल्या होत्या. म्हणजे दुसरा प्रोसेसर प्रत्येक आकड्यासाठी शेजाऱ्याच्या दारात उभा. मेमरीच्या पट्ट्या निम्म्या निम्म्या वाटल्या, दहा मिनिटांचं काम. त्या दिवसापासून नवं मशीन आलं की बिलावर सही करण्याआधी झाकण मी स्वतः उघडतो.

७. डब्याबाहेर पाऊल टाकलं की अंतर हजारात बदलतं.

कॉलेजात असताना विद्यापीठाच्या आवारातल्या सी-डॅकमध्ये आम्हाला परम हा महासंगणक दाखवायला नेलं होतं. विजय भटकर यांच्या चमूनं १९९१मध्ये पूर्ण केलेला परम ८०००. आत ट्रान्सप्युटर नावाच्या ६४ चिपा. प्रत्येकीला आपली मेमरी आणि शेजाऱ्यांशी बोलायला चार तारा. सामायिक काही नाही, जे हवं ते निरोप पाठवून मागवायचं. मला तेव्हा दिवे आवडले होते, तारांचं महत्त्व दहा वर्षांनी कळलं.

ते असं. नासाच्या गोडार्ड केंद्रात १९९४मध्ये थॉमस स्टर्लिंग आणि डोनाल्ड बेकर यांनी ४८६ जातीची साधी सोळा मशिनं साध्या इथरनेटनं जोडून ‘बेओवुल्फ’ उभा केला. स्वस्तातला महासंगणक म्हणून तो जगभर गाजला. ते वाचून २००३मध्ये आम्हीही सोळा पेंटियम फोरचे डबे आणले आणि शंभर मेगाबिटच्या स्विचला जोडले. लोखंडी मांडणीवर चार-चारच्या ओळीत, किराणा दुकानातल्या डब्यांसारखे. पहिला रन सोळावर लावला, आणि तो चार डब्यांवर लावलेल्या रनपेक्षा उशिरा संपला.

मशिनच्या आत मेमरीतून आकडा आणायला शंभरेक नॅनोसेकंद लागतात. साध्या नेटवर्कवरून शेजारच्या डब्यातून आणायला शंभरेक मायक्रोसेकंद. हजारपट. शेजारच्या टेबलावरची फाइल घ्यायला तुम्हाला दहा सेकंद लागत असतील, तर हजारपट म्हणजे पावणेतीन तास, पुण्याहून लोणावळ्याला जाऊन यावं तसं. क्रॅशच्या रनमध्ये गाडीचे तुकडे डब्यांत वाटलेले असतात आणि काळाच्या प्रत्येक पावलाला शेजारच्या तुकड्याच्या कडेला काय झालं ते विचारावं लागतं. पावलं लाखो. तुकडे जितके बारीक, तितकं काम कमी आणि विचारपूस जास्त. आमचे डबे दिवसभर एकमेकांना फोन करत होते.

यावर उपाय आहेत. पुण्यातच उभारलेला ‘एका’ हा महासंगणक २००७च्या नोव्हेंबरात जगातल्या सर्वांत वेगवान महासंगणकांच्या यादीत चौथा आला. नावाचा अर्थ ‘एक’, आत डबे सुमारे अठराशे. पण ते इन्फिनिबँड नावाच्या वेगवान जाळ्यानं जोडलेले होते, जिथं निरोप एक-दोन मायक्रोसेकंदांत पोहोचतो. असं जाळं घेतलं तर वाटून केलेलं काम खरंच पळतं. फक्त त्याचा स्विच, कार्डं आणि केबल यांची किंमत डब्यांच्या किमतीत मिळवून मगच ‘स्वस्त’ हा शब्द वापरावा.

आणि डबे बंद पडतात. एक डबा शंभरपैकी नव्व्याण्णव दिवस धड चालतो असं धरा, सोळा एकाच दिवशी धड असण्याची शक्यता पंच्याऐंशी टक्के. म्हणजे आठवड्यातून एक दिवस कुठलातरी रुसलेला. एकाची हार्ड डिस्क, एकाचा पंखा, एकाच्या केबलवर उंदीर. सोळाच्या रनमधला एक गेला की सगळा रन गेला. त्यात आमच्याकडे गुरुवारी वीज जायची. शेवटी मी रनची मधली स्थिती दर तासाला डिस्कवर साठवायला लावली, म्हणजे नुकसान झालं तर तासाभराचं. ही सोय पहिल्या दिवसापासून करायला हवी होती.

८. ज्यांना आपसांत बोलायचं नाही अशी कामं खुशाल पसरा.

आई बोर्डाचे पेपर तपासायची. गठ्ठा घरी यायचा. तिच्यासारखे परीक्षक राज्यभर आपापल्या घरी तपासत असायचे, एकीला दुसरीशी बोलायची गरज नसे. गुणांची बेरीज झाली की गठ्ठा नियामकांकडे. परीक्षक दुप्पट केले तर काम जवळजवळ निम्म्या वेळात. संगणकातलीही काही कामं या जातीची असतात. सेटी ॲट होम या प्रकल्पानं १९९९ ते २०२० असं लोकांच्या घरातल्या लाखो संगणकांना आकाशातून आलेल्या रेडिओ लहरींच्या नोंदींचे गठ्ठे वाटले, आणि डायलअपवरही ते चाललं.

आमच्या त्या बदनाम सोळा डब्यांना न्याय मिळाला तो असाच. एका ब्रॅकेटच्या पत्र्याची जाडी बदलून तीस प्रकार बघायचे होते. प्रत्येक डब्याला एकेक प्रकार दिला. एक डबा बंद पडला तर तेवढाच प्रकार पुन्हा लावायचा. दोन रात्रींत काम संपलं. जे महिनाभर शिव्या देत होते त्यांनीच पेढे आणले.

९. प्रोसेसर बदलले की उत्तरही थोडं बदलतं.

हे ग्राहकाला आधी सांगा. आम्ही नाही सांगितलं. तोच रन सोळा कोअरवर आणि बत्तीसवर केला, पत्र्याचा आत घुसलेला भाग दोन्हीकडे वेगळा आला, थोडासाच, पण वेगळा. ग्राहकाच्या बैठकीत ‘यातलं खरं कुठलं?’ असा प्रश्न आला आणि आमचे इंजिनिअर गप्प. कारण साधं आहे. संगणक ठरावीक अंकांपर्यंतच आकडा धरतो. चारच अंक धरायचे असतील तर १०००मध्ये ०.४ मिळवा, १०००च राहतात, पुन्हा ०.४ मिळवा, तरी १०००. पण दोन ०.४ आधी एकत्र करून मग मिळवले तर १००१. काम किती जणांत वाटलं यावर बेरजेचा क्रम बदलतो. पत्रा कुठल्या बाजूला दुमडायचा हे काठावर असेल, तर तेवढा फरक पुरतो. आता अहवालात रन किती कोअरवर केला हे आम्ही छापतो आणि तुलनेचे सगळे रन तेवढ्यावरच करतो.

१०. लायसन्स कोअरवर मोजलं जातं.

बऱ्याच सॉल्व्हरचं तसंच आहे. सोळा डब्यांच्या किमतीपेक्षा त्यांवर सॉल्व्हर चालवायच्या परवान्यांचे पैसे जास्त झाले होते. म्हणून आम्ही कमी पण वेगवान कोअर घेतो. एका कोअरच्या वेगाला आजही किंमत आहे ती इथं.

११. वाटण्याआधी एकदा एकट्यानं नीट करून बघा.

फ्रँक मॅकशेरी आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी २०१५मध्ये एक निबंध लिहिला. मोठमोठ्या क्लस्टरवर चालणाऱ्या नामवंत प्रणालींचे छापलेले वेळ घेतले आणि तीच कामं लॅपटॉपच्या एका थ्रेडवर, नीट लिहिलेल्या प्रोग्रामनं करून दाखवली. काही प्रणालींना त्या एका थ्रेडला मागं टाकायला शेकडो कोअर लागत होते, काहींना ते कधीच जमलं नव्हतं. हा निबंध मी छापून ऑफिसात लावला आहे, त्या जुन्या माउसच्या कागदाच्या जागी.

आमचं उदाहरण त्याहून साधं. अकरा तासांचा रन होता, नवं मशीन घ्यायचं ठरत होतं. मी लॉग वाचला तर चार तास नुसते निकाल लिहिण्यात, तेही दुसऱ्या मजल्यावरच्या सर्व्हरवर, नेटवर्कवरून. फाइल आधी त्याच मशिनच्या डिस्कवर लिहून शेवटी एकदम उचलून नेली. रन सात तासांवर आला. खर्च शून्य, त्यामुळे कुणी पेढे आणले नाहीत.

आज दोन प्रोसेसरच्या एका डब्यात १२८ कोअर सहज मिळतात आणि आमच्या त्या सोळा डब्यांचं सगळं काम त्यातल्या एका कोपऱ्यात मावतं. म्हणून माझं मत विचाराल तर, काम एका डब्याच्या मेमरीत मावत असेल तर दुसरा डबा घेऊ नका. मावत नसेल, किंवा तीस वेगवेगळी कामं असतील, तर जरूर घ्या. एक डबा बंद पडल्यावरही काम चालू राहायला हवं असेल तरी दुसरा घ्या, पण तेव्हा वेगासाठी घेतोय असं साहेबांना सांगू नका.

आणि मला फोन करणार असाल तर तीन पुरवठादारांची कोटेशनं आणू नका. तुमच्याकडे सर्वांत जास्त वेळ चाललेल्या रनची लॉग फाइल घेऊन या.